जुनें जातांना: छायाचित्रांनीं दिलेली साक्ष

इतिहास लिहिणारास सर्वांत कठीण जाणारी गोष्ट म्हणजे बदलाची घटका होय. देऊळ कधीं बांधलें, रस्ता कधीं उघडला, राज्य कधीं पालटलें, हें शिलालेख व दप्तरें सांगतात. परंतु जुनें अर्धें पडलें आहे व नवें अर्धेंच उभें राहिलें आहे, असा जो मधला काळ, त्याची नोंद ठेवावी असें सहसा कोणास सुचत नाहीं. त्या वेळीं माणसें धुळींत व धांदलींत असतात. काम संपलें म्हणजे धूळ खालीं बसते, आणि पूर्वीं येथें काय होतें याचा दहा-वीस वर्षांत विसर पडतो. हा मधला काळ धरून ठेवण्याचें साधन मनुष्याच्या हातीं एकोणिसाव्या शतकांत आलें. तें साधन म्हणजे छायाचित्र. ज्युबिलीच्या निमित्तानें घरोघरच्या पेट्यांतून जुन्या तसबिरी बाहेर निघतात. अशा समयीं, या कलेनें एका थोर शहराचें स्थित्यंतर कसें टिपलें, याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवणें आम्हांस उचित वाटतें. तें शहर फ्रान्स देशाची राजधानी पॅरिस हें होय.

दागेर नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें लाविलेल्या या शोधाची वार्ता ता. ७ जानेवारी १८३९ रोजीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें आरागो या शास्त्रज्ञानें प्रथम जाहीर केली. त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १८३८ सालीं, दागेरनें आपल्या खिडकींतून 'बुलव्हार द्यु तांप्ल' या रस्त्याचें चित्र घेतलें होतें. रस्ता गजबजलेला, गाड्याघोड्यांची सारखी ये-जा. तरी चित्रांत तो ओस दिसतो. कारण असें कीं, त्या काळीं एका चित्रास कित्येक मिनिटें लागत, आणि जें हालतें तें पत्र्यावर उमटत नसे. एक मनुष्य मात्र जोड्यांस पॉलिश करून घेण्यासाठीं एका जागीं उभा राहिला, म्हणून तो तेवढा चित्रांत राहिला. तो कोण होता हें कोणासही ठाऊक नाहीं.

या चित्राची पुढील हकीकत मनन करण्याजोगी आहे. ज्या इमारतींतून तें घेतलें ती ता. ८ मार्च १८३९ रोजीं आगींत जळाली. रस्त्यावरील बहुतेक नाटकगृहें १८६२ सालीं नगररचनेसाठीं पाडण्यांत आलीं. चित्राचा मूळ पत्रा बव्हेरियाच्या राजास भेट म्हणून गेला व म्युनिक येथें जपला गेला. परंतु गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत तो साफ करण्याच्या खटपटींत त्यावरील चित्र नष्टप्राय झालें. आज आपण जें पाहतों तें आधीं काढून ठेवलेल्या नकलांच्या कृपेनें. घर गेलें, रस्ता गेला, मूळ चित्रही गेलें. नक्कल होती म्हणून साक्ष राहिली.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसचा जुना भाग अत्यंत दाट वस्तीचा होता. गल्ल्या अरुंद, सूर्यप्रकाश दुर्मिळ, गटार रस्त्याच्या मधून वाहणारें. १८३२ सालच्या पटकीनें या एका शहरांत सुमारें १८ हजार माणसें नेलीं. तिसऱ्या नेपोलियननें शहर नवें करण्याचें मनावर घेतलें, व १८५३ सालीं ओस्मान यांस प्रांताधिकारी नेमून तें काम त्यांवर सोंपविलें. जानेवारी १८७० पर्यंत ते त्या पदावर होते. त्यांनीं रुंद व सरळ रस्ते काढले, जमिनीखालीं गटारें बांधविलीं, बागा केल्या. १८६० सालीं भोंवतालचीं गांवें शहरांत सामील होऊन बारा विभागांचे वीस विभाग झाले. नोत्र दाम महामंदिर ज्या बेटावर आहे त्यावरील बहुतेक जुनी वस्ती उठली. हवा आली, पाणी आलें. त्याचबरोबर हजारों कुटुंबांचीं बिऱ्हाडें रस्त्यावर आलीं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि प्रामाणिक इतिहासानें दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

या उलथापालथींत शार्ल मार्व्हिल नांवाचा एक कारागीर कॅमेरा घेऊन हिंडत होता. त्याचा जन्म पॅरिस येथेंच १८१३ सालीं झाला. आरंभीं तो पुस्तकांसाठीं चित्रें काढीत असे. १८५० च्या सुमारास तो छायाचित्रणाकडे वळला. १८६२ सालीं त्यास शहराचा अधिकृत छायाचित्रकार म्हणून मान मिळाला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत जे रस्ते नाहींसे व्हावयाचे होते त्यांचीं चित्रें पाडापाडीपूर्वीं घेण्याचें काम नगरपालिकेनें त्यास दिलें. या कामीं त्यानें चारशेंहून अधिक चित्रें घेतलीं. शहर पाडणारांनींच शहराची आठवण जतन करण्याची तजवीज केली, ही गोष्ट विलक्षण खरी. परंतु त्यांचा हेतु एवढा साधा नव्हता. जुनें किती कोंदट होतें हें दिसल्याखेरीज नवें किती उत्तम आहे हें लोकांस पटणार कसें? म्हणूनच १८७८ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत त्याचीं जुन्या गल्ल्यांचीं व नव्या रस्त्यांचीं चित्रें लोकांपुढें मांडण्यांत आलीं.

त्या काळच्या कामाची रीत आजच्या वाचकांस नवल वाटण्यासारखी होती. कांचेच्या तावदानास कलोडियन नांवाचा चिकट द्रव लावावयाचा, तें चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाचें, ओलें असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि सुकण्यापूर्वींच अंधाऱ्या जागीं तें धुवून प्रकट करावयाचें. हें सर्व सुमारें पाव तासाच्या आंत. म्हणजे अंधारकोठडी जवळ असल्यावांचून काम होणें नाहीं. मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर उन्हांत छाप काढीत. एवढ्या खटाटोपानें मार्व्हिल गल्लीच्या तोंडाशीं उभा राही. त्याच्या चित्रांत ओले फरसबंदीचे दगड चकाकतात, मधल्या गटारांतील पाणी उजळून दिसतें, भिंतींवरील जाहिरातींचीं अक्षरेंही वाचतां येतात. माणसें मात्र थोडीं. जीं हाललीं त्यांची नुसती धुरकट छाया उरली, जीं दारांत स्वस्थ उभीं राहिलीं तीं राहिलीं. चित्रांस त्यानें नांवें दिलीं तीं गल्ल्यांचीं. त्या दारांत उभ्या असलेल्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

मार्व्हिलनें मधली घटकाही टिपली. ऑपेरागृहाकडे जाणारा राजरस्ता काढण्यासाठीं १८७६-७७ च्या सुमारास एक सबंध टेकडी व तिच्यावरील घरें सपाट करण्यांत आलीं. त्याच्या चित्रांत अर्धवट तुटलेल्या भिंती व मातीचे ढीग स्पष्ट दिसतात. बिएव्र या छोट्या नदीच्या कांठचे कातडीं कमावणारांचे कारखाने त्यानें टिपले. ती नदी पुढें शहरांत जमिनीखालीं गाडली गेली, आणि १९१२ पर्यंत तें काम पुरें झालें. सर्वांत बोलकें चित्र शहराच्या कडेचें आहे. शांप्लें रस्त्याच्या वरच्या टोंकास, उंचवट्यावर एक तरुण बसला आहे, आणि त्याच्यापुढें गरिबांच्या झोंपड्यांची दाटी पसरली आहे. राजधानीच्या मध्यभागीं ज्यांस जागा उरली नाहीं ते कोठें गेले, या प्रश्नाचें उत्तर त्या एका चित्रांत आहे. ज्यानें नव्या रस्त्यांचें वैभव दाखविण्यासाठीं वेतन घेतलें, त्याच्या कांचेवर वैभवाची किंमतही उमटली.

मे १८७१ मध्यें यादवी युद्धांत पॅरिसचें नगरगृह जळालें, व त्यांतील ग्रंथालय व दप्तरें भस्म झालीं. जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदीही त्या आगींच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. ज्या समाजाचीं वह्यापुस्तकें अशीं जळतात त्यास छायाचित्राचा एक तुकडाही किती मोलाचा, हें निराळें सांगावयास नको. मार्व्हिलचीं चित्रें आज त्या शहराच्या संग्रहालयांत व ऐतिहासिक ग्रंथालयांत जतन केलेलीं आहेत. त्याचें स्वतःचें चरित्र मात्र अंधारांत राहिलें. १८७९ सालीं तो वारला. आणि त्याचें जन्मनांव 'बोस्यु' होतें, म्हणजे त्यांच्या भाषेंत 'कुबडा', व लाजेस्तव असेल म्हणून त्यानें तें टाकलें असावें, हें २०१३ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या प्रदर्शनाच्या निमित्तानें झालेल्या संशोधनानें उजेडांत आलें.

नोत्र दामचा उल्लेख वर आलाच आहे. व्हिओले-ल्-द्युक या शिल्पशास्त्रज्ञानें त्या महामंदिरावर १८५९ सालीं नवा उंच कळस चढविला, आणि मार्व्हिलनें त्याचें चित्र घेतलें. त्या वेळीं तो कळस म्हणजे नवी गोष्ट होती. ता. १५ एप्रिल २०१९ रोजीं लागलेल्या आगींत तोच कळस, आतां प्राचीन म्हणून पूज्य झालेला, कोसळतांना साऱ्या जगानें पाहिला. कळसाभोंवतालचे प्रेषितांचे तांब्याचे पुतळे दुरुस्तीसाठीं चारच दिवस आधीं उतरविले होते, म्हणून ते बचावले. पुढें कळस पूर्वींच्याच रूपांत उभारला गेला, व डिसेंबर २०२४ मध्यें महामंदिर पुन्हां उघडलें. एका पिढीचें नवें तें दुसऱ्या पिढीचें जुनें होतें. त्यांस जोडणारा दुवा चित्राचा असतो.

आपल्या मुंबईसही अशा साक्षी आहेत. येथील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत गांठीच्या तापाचें निदान डॉ. आकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या कॅथलिक वैद्यांनीं केलें. त्यानंतरच्या दिवसांत कॅप्टन मॉस या लष्करी अधिकाऱ्यानें प्लेगचीं रुग्णालयें, घरांची झडती व धुलाई यांचीं चित्रें घेतलीं. पुढें १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं ट्रस्ट स्थापन झाला व जुन्या वस्त्यांतून नवे रस्ते निघाले. तीं चित्रें सरकारच्या बाजूनें घेतलेलीं आहेत. ज्यांच्या घरांत झडती झाली त्यांच्या बाजूची साक्ष गांवठाणांच्या कोपऱ्यांवर त्या सांथीच्या काळीं उभारलेल्या क्रुसांत पाहावी लागते. चित्र व क्रूस दोन्ही एकत्र वाचलीं म्हणजेच तो काळ नीट समजतो.

या वृत्तांतावरून तीन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली, छायाचित्र खरें बोलतें. परंतु तें कोणीं, कोणासाठीं व कोठें उभें राहून घेतलें हें विचारल्यावांचून त्याचें बोलणें पुरें कळत नाहीं. दुसरी, चित्रही मर्त्य आहे. त्याची नक्कल करून ती दुसऱ्या ठिकाणीं ठेवणें हें शहाणपणाचें. तिसरी, नांवाविणें चेहरा लवकर परका होतो. मार्व्हिलच्या गल्लींतील दारांत उभी असलेली बाई कोण होती, हें आतां सांगणारें कोणी नाहीं. आपल्या घरच्या तसबिरींतील माणसें ओळखणारे वडीलधारे अनेकांच्या घरीं अद्याप आहेत. त्यांच्यापाशीं बसून, तसबिरीच्या मागें मऊ पेन्सिलीनें नांव, गांव व साल लिहून ठेवावें. जुनें घर, जुनी विहीर, जुनी वाट मोडावयाची असेल तर कुदळ पडण्यापूर्वीं एक चित्र घ्यावें, आणि काम अर्ध्यावर असतां दुसरें घ्यावें. बदल थांबविणें आपल्या हातीं नाहीं, व पुष्कळदां तो थांबवूं नयेही. परंतु जें गेलें तें काय होतें व तेथें कोण राहत होतें, हें पुढील पिढीस सांगणें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.