नाक्यावर न विचारलेला प्रश्न

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, पुणे-बंगलोर रस्त्याला लागून. गावाच्या वेशीवर नगरपालिकेचा जकात नाका होता. आडवा बांबू, त्याच्या टोकाला बांधलेला दगड, पत्र्याची खोली आणि कंदिलाच्या उजेडात वही उघडून बसलेला कारकून, एवढाच त्याचा पसारा. पण लहानपणी माझी पक्की समजूत होती की, जगात याहून मोठा अधिकारी नाही. कारण त्याने मान हलवल्याखेरीज मालाने भरलेली अजस्र मालमोटारही जागची हलत नसे. पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागलो आणि नाक्याचा विसर पडला.

त्याची आठवण एका जुन्या विद्यार्थ्याने करून दिली. हा मुलगा शाळा अर्धी टाकून ट्रकवर किन्नर म्हणून गेला आणि यथावकाश ड्रायव्हर झाला. काही वर्षांपूर्वी तो कुबडी टेकीत माझ्या घरी आला. दोन रात्री सलग गाडी चालवून तिसऱ्या पहाटे घाटात त्याचा डोळा लागला होता. गाडी कठड्यावर आदळली. त्याचा पाय गेला आणि शेजारी झोपलेला किन्नर, त्याचा सख्खा मेहुणा, जागच्या जागी गेला.

"गुरुजी," तो म्हणाला, "त्या राती दोन ठिकाणी गाडी अडवली. लायसन बघितलं, परमिट बघितलं, पासिंग बघितलं, काट्यावर वजन केलं. समदं बरोबर निघालं. पण झोपलास कधी, असं कुणीच इचारलं न्हाई. तसा कायदाच न्हाई का?"

मी म्हणालो, "पाहून सांगतो." त्या पाहण्यात पुढे माझे कित्येक महिने गेले.

वाटसरूला अडवून विचारपूस करण्याची चाल आपल्याकडे मोटारीपेक्षा फार जुनी आहे. पेशवाईत बैलाच्या पाठीवरच्या ओझ्याला जकात पडे. माल भरला तेथे थळभरीत, विकला तेथे थळमोड. ज्याला माफी असे त्याच्याजवळ सरकारी दस्तक असे. चौकीवर विचारावयाचे ते इतकेच, की माल कोणता, ओझी किती आणि दस्तक आहे की नाही? बैल दमला आहे का, हे बैलवाल्याने पाहावे. चौकी ही खजिन्याची लेक होती, आणि तिने बापाचाच स्वभाव घेतला.

इंग्रजी अमलात 1914 साली मोटारींसाठी साऱ्या हिंदुस्थानचा पहिला कायदा झाला. तेव्हा रस्त्यावर मोटारी थोड्या आणि सरकारची भिस्त आगगाडीवर. पुढे मोटारी वाढल्या, आगगाडीचे उत्पन्न त्यांच्याकडे वळू लागले आणि सरकारला काळजी वाटू लागली. मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी या चढाओढीची पाहणी करून 1933 साली आपला अहवाल दिला. 1939च्या मोटार वाहन कायद्यात परमिटाचे जे जाळे विणले गेले, त्याच्या मुळाशी ही काळजी पुष्कळच होती. ट्रकच्या कपाळावर वर्षानुवर्षे झळकणारी 'पब्लिक कॅरिअर' ही पाटी त्याच कायद्याची देणगी. म्हणजे नाक्यावर आता जकातीच्या जोडीला परमिट आले. दोन्ही कागदच.

येथवर वाचून मी विद्यार्थ्याला "नाही रे, कायदा नाही" असे सांगण्याच्या बेतात होतो. इतक्यात त्याच 1939च्या कायद्याच्या 65व्या कलमाशी मी थबकलो. ड्रायव्हरकडून सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये. मग निदान अर्धा तास विसावा द्यावा. दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला चोपन्न तास, यापलीकडे जाऊ नये. मी ते कलम दोनदा वाचले. 1961 साली मोटार वाहतूक कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने सर्वसाधारणपणे दिवसाचे आठ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवले. 1988च्या नव्या मोटार वाहन कायद्याने 91व्या कलमात हीच मर्यादा मान्य केली, आणि कामाचे तास आधी ठरवून त्यांची नोंद ठेवायला मालकांना भाग पाडण्याचा अधिकारही राज्य सरकारांना दिला.

कायदा होता, मग तो रस्त्यावर का दिसला नाही? मला सापडलेले उत्तर साधे आहे. 1961चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता, आणि आपल्याकडे एकदोन गाड्यांचे मालक पुष्कळ. त्यांच्या घरी हजेरीची वही कुठली असायची? दुसरे असे की, वजन काट्यावर दिसते, परमिटाची तारीख कागदावर दिसते. जागरण मोजण्याचे माप मात्र नाक्याला कोणी दिलेच नाही.

आणि जे मोजता येत होते त्याचे तरी काय झाले? जादा वजनाबद्दल ठोक रक्कम आगाऊ घेऊन गाड्या सोडण्याची पद्धत काही राज्यांनी पाडली होती. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. 2019च्या दुरुस्तीने जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, असा केला. पण दंड हासुद्धा खजिन्यातच जातो.

आमच्या गावचा नाका 1999 साली नगरपालिकांची जकात उठली तेव्हा गेला. मुंबईचे नाके 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा बंद झाले. दस्तकाची जागा 2018 साली ई-वे बिलाने घेतली. या बिलाची मुदत मोठी बोलकी आहे. आरंभी शंभर किलोमीटरांना एक दिवस मिळे; 2021 पासून दोनशे किलोमीटरांना एक दिवस मिळतो. कागदाचा दिवस किती लांबीचा, हे सरकारने असे मोजून ठरवले. माणसाचा दिवस किती तासांचा, हे तर 1939 पासूनच ठरलेले आहे.

ही गोष्ट मोजता येतच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. युरोपात 1970च्या नियमाने ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचे यंत्र बसवणे सुरू झाले. गाडी केव्हा चालली आणि केव्हा थांबली, हे ते टिपून ठेवते. तेथे साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास विसावा घ्यावाच लागतो, आणि रस्त्यावर गाडी अडवणारा अधिकारी परवान्याबरोबर मागच्या कित्येक दिवसांची ही नोंदही मागतो.

हे सारे मी विद्यार्थ्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे माझ्या बापाच्या जन्माआधीपासून कायदा हाय."

"हो," मी म्हणालो. याहून अधिक मला बोलवेना.

"गुरुजी, मोठ्या अक्षरात लिहून द्या की."

तो आता हमरस्त्याला पंक्चर काढण्याचे दुकान चालवतो. मी लिहून दिलेला कागद त्याने आतल्या भिंतीवर, मेहुण्याच्या फोटोखाली चिकटवला आहे. पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. चाक उतरेपर्यंत ड्रायव्हर तो कागद वाचत उभे राहतात. कोणी हसतात. कोणी म्हणतात, हे आमच्या शेठला दाखवा. मग तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "झोपला होता कधी?" आणि ज्याचे उत्तर पटत नाही, त्याला दुकानामागच्या बाजेकडे बोट दाखवतो.