माळ तुटल्यावर कुठं जायचं?

हिंगोली जिल्ह्यात दारू सोडायची सगळ्यात जुनी वाट म्हणजे माळ घालणं. नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथा औंढ्याच्या नागनाथाशी जोडलेली आहे. त्यामुळे वारी इथल्या मातीतच आहे. गळ्यात तुळशीची माळ आली की मांस-मदिरा बंद. नेम एकट्याचा असला, तरी तो पाळायला सोबत असते. संध्याकाळी हरिपाठ, रात्री भजन, पंधरा दिवसांनी एकादशी. पिण्याची जी वेळ, नेमकी तीच माणसांनी भरून निघते. आजच्या भाषेत याला सपोर्ट ग्रुप म्हणता येईल.

अडचण पुढेच आहे. माळ घातलेला माणूस पुन्हा प्यायला, तर? माळ उतरवावी लागते. पारावर हसू होतं. ‘काल माझा तोल गेला’ असं भजनाला बसून सांगायची सोय नसते. सोबतीची गरज सगळ्यात जास्त असते, तेव्हाच तो मंडळींतून बाहेर पडतो.

सरकारनं वेगळी वाट धरली. निजामाच्या राज्यात आबकारी हे तिजोरीचं मोठं साधन होतं, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोली त्याच राज्यात होतं. शेजारच्या मुंबई प्रांतात १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला. एका राजवटीला दारूतून पैसा हवा होता, तर दुसरीला दारू नको होती. पण ज्याला ती सुटत नाही, त्या माणसाशी बोलणं दोघींच्याही कामात बसत नव्हतं.

ते काम पिणाऱ्यांनीच केलं. १८४० मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा जणांनी एकमेकांच्या साक्षीनं दारू सोडली आणि ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ सुरू झाली. ती वणव्यासारखी पसरली. पण दारूबंदीच्या राजकारणात ओढली गेली, आपसात भांडली आणि काही वर्षांतच विझली.

मग १९३५ साल उजाडलं. शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन धंद्यासाठी ओहायोतल्या ॲक्रन गावी गेला होता. सौदा फसला आणि समोर हॉटेलचा बार दिसत होता. त्यानं फोनाफोनी केली आणि आपल्यासारखाच दारूत बुडालेला एक माणूस शोधला. डॉ. बॉब स्मिथ, पेशानं सर्जन. बिलनं त्याला उपदेश केला नाही, स्वतःची गोष्ट सांगितली. दुसऱ्याला सावरताना आपण शुद्धीत राहतो, हे त्याला कळलं. डॉ. बॉब शेवटचं प्यायले तो दिवस, १० जून १९३५, हा ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा, म्हणजे एएचा, जन्मदिवस धरतात.

वॉशिंग्टोनियन ज्या चुकांनी बुडाले, त्या एएनं नियम करून टाळल्या. फी नाही, बाहेरची देणगी नाही, आडनाव सांगायची सक्ती नाही, दारूबंदीच्या बाजूनं किंवा विरुद्ध मत नाही. सभासद व्हायला एकच अट: पिणं थांबवायची इच्छा. थांबलेला असण्याची अट नाही. माळ आणि मीटिंग यांतला फरक इथं आहे. काल प्यायलेला माणूस आज येऊन खुर्चीवर बसू शकतो. त्याचा हिशेब पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो, आणि कुणी हसत नाही, कारण प्रत्येकाचा तो कधीतरी झालेला असतो.

भारतात एए १९५७ च्या सुमारास रुजलं. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. अवचटांचं गर्दच्या व्यसनावरचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी मदतीचा हात पुढे केला होता. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथं इतरांना सांभाळू लागली, आणि रुग्णांच्या बायकांसाठीही गट झाला. दारुड्याच्या बायकोला आधार लागतो, ही गोष्ट मराठीत ठळकपणे पुढे आली.

गावोगावच्या बायांनी स्वतःचा मार्गही काढला. गावात मतदान घेऊन बाटली आडवी करायची आणि दुकान बंद पाडायचं. राज्याच्या २००८ च्या आदेशानं या मतदानाला नियमांची चौकट दिली. दुकान बंद झाल्यानं घरातला आरडाओरडा कमी होतो, पगार घरी येतो. पण तलफ दुकानात नसते, माणसात असते. त्याला शेजारच्या गावची वाट माहीत असते. म्हणून आडवी बाटली आणि गोल मांडलेल्या खुर्च्या, दोन्ही लागतात.

या खुर्च्यांचा उपयोग होतो का? २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेनं २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसं तपासली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, एएशी नीट जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

मात्र एक काळजी घ्यायची. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली तर हातपाय थरथरतात, भास होतात, झटके येऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग. जिल्हा रुग्णालयात विचारावं, किंवा १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे.

सेनगाव किंवा कळमनुरीसारख्या ठिकाणी खरी भीती वेगळी असते: ‘कुणी बघितलं तर?’ बारमध्ये जाताना न वाटणारी लाज मीटिंगला जाताना वाटते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एएच्या बैठका मोबाइलवर आल्या आणि ही भीती थोडी सैल झाली. कॅमेरा बंद ठेवून, हेडफोन लावून, शेताच्या बांधावर बसूनही ऐकता येतं. पहिल्या दिवशी बोलायलाच हवं असं नाही.

आणि जवळपास गट नसेल, तर एएच्या परंपरेत त्याचंही उत्तर आहे. दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन जण एकत्र बसले, की तो गट. ॲक्रनला तरी किती होते?