नाग नदीचे पाणी वैनगंगेत : पाणी तपासणीचा अहवाल कसा वाचायचा?

भंडारा : "अहवाल आला, पाणी ठीक आहे" एवढं ऐकलं की गावात विषय संपतो. पण पाण्यात नेमकं काय तपासलं, हे पाहिल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. वैनगंगाकाठच्या गावांनी तर ही गोष्ट समजून घ्यायलाच हवी.

घाण येते कुठून?

नागपूरचे सांडपाणी वाहून आणणारी नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. धरणात पाणी अडवल्यावर नदी संथ होते आणि फुगवटा वर भंडारा शहराच्या दिशेने चढतो. वाहत्या पाण्यात हवा मिसळत राहते, त्यामुळे घाण काही प्रमाणात आपोआप कमी होते. साचलेल्या पाण्यात तसं होत नाही, जलपर्णी माजते. याच पाण्यावर नळयोजना, धानाची शेती आणि ढिवर बांधवांची मासेमारी अवलंबून आहे.

नमुना चुकला तर अहवाल चुकला

एकाच बाटलीत सगळ्या तपासण्या होत नाहीत. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली लागते आणि ती बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते. शिसे, कॅडमियमसारख्या धातूंच्या नमुन्यात थोडे नायट्रिक आम्ल टाकतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा तर बाटलीत हवेचा एकही बुडबुडा नको, आणि रसायने काठावरच टाकावी लागतात. वेळही महत्त्वाची. रात्रभर वनस्पती व जीवजंतू ऑक्सिजन वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. दुपारचा नमुना चांगला आला म्हणून मासे सुरक्षित, असं नाही.

अहवालातले शब्द

डीओ : पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. माशांसाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, आंघोळीच्या घाटावर किमान ५ हवा.

बीओडी : घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात, ते माप. नमुना २७ अंश तापमानाला ३ दिवस ठेवून हे मोजतात. आंघोळीच्या पाण्यात ते लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

सीओडी : जिवाणूंना न पचणारी घाणही यात मोजली जाते. बीओडी कमी आणि सीओडी खूप जास्त दिसला, तर सहज न कुजणारी रसायने असल्याची शंका घ्यावी.

पिण्याच्या पाण्याचे निकष वेगळे आहेत. भारतीय मानक १०५०० नुसार पीएच ६.५ ते ८.५, नायट्रेट लिटरमागे जास्तीत जास्त ४५ मिलिग्रॅम, फ्लोराइड १ (दुसरा स्रोत नसेल तर १.५) आणि शिसे फक्त ०.०१ मिलिग्रॅम. ई-कोलाय जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. म्हणजे नदीच्या निकषात बसलेले पाणी पिण्याच्या निकषात बसेलच असं नाही.

शोधलं नाही ते सापडत नाही

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात तेलमिश्रित वाळू गरम पाण्याने धुऊन तेल काढतात. उरलेले पाणी मोठमोठ्या तलावांत साठवलेले आहे. त्यात नॅफ्थेनिक आम्ले नावाचा असंख्य संयुगांचा गट असतो, तो जलचरांना विषारी आहे. पीएच किंवा बीओडी पाहून तो ओळखू येत नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर हे महागडे यंत्र लागते.

आपल्याकडे तेल नाही, पण धडा तोच. गावात मिळणाऱ्या छोट्या बाटलीतले पाणी काळे पडले, तर जिवाणूंची शंका घेतात. त्यात शिसे कळत नाही. ग्रामपंचायतीला मिळणारे हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड हे स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती अशा गोष्टींवर ठरते. हिरवे कार्ड म्हणजे धातूंची तपासणी झाली, असं नव्हे.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट आणि धातू तसेच राहतात. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढते. तुरटीने गाळ बसतो, जंतूंचा पूर्ण बंदोबस्त होत नाही.

ग्रामसभेत काय विचारायचं?

• नमुना कुठून घेतला : नदीतून, विहिरीतून की नळातून?
• कोणत्या दिवशी, किती वाजता घेतला आणि प्रयोगशाळेत कधी पोहोचला?
• कोणकोणत्या गोष्टी तपासल्या? धातू आणि नायट्रेट त्यात आहेत का?
• प्रत्येक आकड्यासमोर मर्यादा लिहिली आहे का?
• पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासणी झाली का?

गावातल्या नमुन्यांसाठी जलसुरक्षक किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना भेटावे. अहवाल दाखवत नसतील, तर माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मागता येते. नाग नदी स्वच्छ करण्यासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर आहे. त्याचा परिणाम वैनगंगेत झाला की नाही, हेही अखेर या आकड्यांवरूनच कळेल. म्हणून दरवर्षीचे अहवाल ग्रामपंचायतीत जपून ठेवावेत.