व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायर : दोषनिदान

हौशी रेडिओ केंद्रातील सुमारे १०० वॅटचा संदेश हजार वॅटच्या घरात नेणाऱ्या व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायरमधील बिघाड शोधण्याची पद्धत. हीथकिट कंपनीचा एसबी-२२० हा अशा अ‍ॅम्प्लिफायरचा उत्तम नमुना आहे. त्यात ३-५००झेड जातीचे दोन ट्रायोड ग्राउंडेड-ग्रिड पद्धतीने जोडलेले असून प्लेटवर सुमारे ३००० व्होल्ट असतात.

हा दाब प्राणघातक आहे. पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढावा, उच्चदाबाचे मीटर शून्यावर येऊ द्यावे आणि तरीही अर्थिंगच्या दांडीने प्लेटची तार चेसीला टेकवावी. फिल्टरचे आठ कपॅसिटर एकसर जोडलेले असतात व प्रत्येकाला समांतर ब्लीडर रोधक असतो. एखादा ब्लीडर तुटला, तर त्याच्या कपॅसिटरमधला भार तसाच राहू शकतो. म्हणून प्रत्येक कपॅसिटर स्वतंत्रपणे तपासणे इष्ट.

बहुतेक दोष मीटरवरच कळतात. प्रेषणाच्या स्थितीत, ड्राइव्ह नसताना प्लेट प्रवाह शून्य असेल, तर विझलेला फिलामेंट, न ओढणारा रिले, जळालेला प्लेट चोक किंवा कॅथोडमधील तुटलेला झेनर तपासावा. झेनर शॉर्ट झाल्यास हाच प्रवाह वाढतो. ड्राइव्ह दिल्यावर ग्रिड प्रवाह मोठा आणि प्लेट प्रवाह नगण्य, ही स्थिती सर्वांत घातक असते. प्लेटचा दाब गेल्याने सगळे इलेक्ट्रॉन ग्रिडकडे वळतात व ग्रिड काही क्षणांत निकामी होऊ शकते. अशा वेळी ड्राइव्ह लगेच बंद करावा. प्लेट प्रवाह पुरेसा असून ग्रिड प्रवाह जास्त असेल, तर लोडिंग कमी पडत असण्याची शक्यता असते.

ड्राइव्ह पुरेसा असूनही दोन्ही प्रवाह कमी पडत असल्यास व्हॉल्व्हचे उत्सर्जन घटलेले असू शकते. पण व्हॉल्व्ह महाग असतो, तेव्हा त्याला दोष देण्याआधी सॉकेटच्या पिनांवर ५ व्होल्ट मिळतात का, हे पाहावेच. दोन फिलामेंट मिळून जवळजवळ २९ अँपिअर घेतात, त्यामुळे सैल किंवा काळवंडलेला संपर्कही दाब खाऊन टाकतो. पंखा मंदावला की पिनांतले सोल्डर वितळू शकते. प्लेट मंद लाल होणे या व्हॉल्व्हला मानवते. मात्र एकच प्लेट लाल होत असेल, तर दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करावी. दोष व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह खराब, जागच्या जागी राहिला तर सॉकेट किंवा जोडणी.

चालू करताच फ्यूज उडत असेल, तर व्हॉल्व्ह काढून पुन्हा पाहावे. तरीही उडाल्यास उच्चदाबाचे डायोड व कपॅसिटर संशयित ठरतात. अचानक झालेला मोठा आवाज आणि जळालेला ग्रिड चोक यांमागे व्हीएचएफवरील परजीवी दोलन असू शकते. त्यासाठी प्लेटजवळील सप्रेसरचे रोधक एक टोक सोडवून मोजावेत.