गाढव आणि खेचर : हट्टी म्हणून बदनाम, स्वभावाने सावध

मराठी भाषेत ‘गाढव’ हा शब्द प्राण्यापेक्षा माणसासाठीच अधिक वेळा उच्चारला जातो. ‘गाढवाला गुळाची चव काय’ आणि ‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी’ या म्हणींनी या जनावराची किंमत पिढ्यान्‌पिढ्या ठरवून टाकली आहे. शिलाहारकाळापासून दानपत्रांच्या शिळांवर कोरल्या गेलेल्या ‘गधेगाळ’ शिल्पांतही दान मोडणाऱ्याला शाप देण्यासाठी गाढवाचाच आधार घेतला गेला. याउलट, काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती करणाऱ्या संत एकनाथांची कथाही याच भूमीतील. मात्र ज्यांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या गाढव उभे राहिले, त्या कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी आणि परीट समाजांतील जाणत्या माणसांचे मत म्हणींपेक्षा वेगळे आहे. विश्वास बसला की गाढवासारखा सोबती नाही, असे ते सांगतात. प्राणिवर्तनाचा आधुनिक अभ्यासही त्यांच्याच बाजूने कौल देतो.

मूळ आफ्रिकेतील

पाळीव गाढवाचे पूर्वज म्हणजे ईशान्य आफ्रिकेतील रानगाढवे. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी तेथे माणसाने त्यांना माणसाळवले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून दिसून आले. कच्छच्या छोट्या रणात आढळणारे घुडखर हे रानगाढव निराळ्या प्रजातीचे असून त्याचा आपल्या पाळीव गाढवाशी थेट वंशसंबंध नाही.

वाळवंटी मूळ लक्षात घेतले की गाढवाच्या अनेक सवयींचा उलगडा होतो. कमी पाणी आणि निकस चाऱ्यावर ते तग धरते. त्याचे लांब कान दूरचा आवाज टिपतात आणि अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासही मदत करतात. धुळीत लोळणे हे त्याचे अंग साफ करण्याचे साधन आहे. मात्र त्याच्या केसांत घोड्याप्रमाणे पाणी निथळून जाण्याचा गुण नाही. त्यामुळे पावसाळ्यात भिजत उभे केलेले गाढव लवकर आजारी पडते.

गाढव व घोडी यांच्या संकरातून खेचर जन्मते. घोडा व गाढवी यांच्यापासूनही संकरित शिंगरू होते, पण असा संकर क्वचितच केला जातो. घोड्याच्या पेशीत ६४ आणि गाढवाच्या पेशीत ६२ गुणसूत्रे असतात. खेचराच्या वाट्याला ६३ येतात. या विषम संख्येमुळे खेचरे जवळजवळ नेहमीच वांझ असतात. मात्र आईचा आकार व बळ आणि बापाचा काटकपणा व सावधपणा असा दुहेरी वारसा त्यांना मिळतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वेगवेगळ्या चिन्हांतून योग्य चिन्ह ओळखण्याच्या चाचणीत खेचरांनी घोडे व गाढवे या दोघांनाही मागे टाकले. हिमालयातील अवघड चौक्यांवर रसद पोचवण्यासाठी भारतीय सैन्याने अनेक दशके खेचरांवर भिस्त ठेवली, ती उगीच नव्हे.

‘हट्टा’चे खरे कारण

घोडा घाबरला की उधळतो. गाढव घाबरले की थांबते. मोकळ्या गवताळ प्रदेशात कळपाने राहणाऱ्या घोड्याला पळ काढणे हिताचे होते. खडकाळ, ओसाड मुलखात विरळ वस्ती करून राहणाऱ्या गाढवाला मात्र आधी उभे राहून धोक्याचा अंदाज घेणे परवडत होते. अनोळखी पूल, वाहते पाणी किंवा रस्त्यावरची काळी सावली दिसताच ते पाय रोवते, ते यामुळेच. पाण्याची खोली किती, हे कळल्याखेरीज त्याला पुढे जायचे नसते. अशा वेळी काठी उगारली, तर समोरच्या भीतीत मागची भीती मिसळते आणि जनावर अधिकच अडून बसते.

गाढव वेदनाही सहसा दाखवत नाही. घोडा पोटशुळाने जमिनीवर लोळू लागतो, तर गाढव केवळ मान खाली घालून गप्प उभे राहते. म्हणून ‘आज काम करायला तयार नाही’ अशी तक्रार करण्यापूर्वी पाठीवर जखम आहे काय, खूर दुखतो काय, खाणे सुटले आहे काय, हे पाहणे शहाणपणाचे. खाणे सोडलेल्या गाढवाच्या रक्तात चरबी वेगाने वाढून ते दगावू शकते. त्यामुळे एक दिवसही वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलावावे.

शिकवण्याची रीत

गाढवाच्या शिक्षणाची सुरुवात कामाने होत नाही, ओळखीने होते. नवे जनावर घरी आल्यावर पहिले काही दिवस त्याच्याजवळ नुसते बसावे, ठराविक हाक द्यावी आणि ते आपण होऊन जवळ येईपर्यंत थांबावे. मानेच्या मुळाशी व खांद्यावर खाजवलेले त्याला विशेष आवडते. खाऊपेक्षा हे बक्षीस अधिक चांगले, कारण त्याने चावण्याची सवय लागत नाही.

पुढचा धडा दोरीचा. म्होरकीची दोरी हलकेच ताणून धरावी आणि गाढवाने एक पाऊल पुढे टाकताच ती तत्काळ सैल सोडावी. ‘पुढे गेले की ताण सुटतो’ हे त्याला काही वेळांत उमगते. ओढाताण केली, तर ते उलट दिशेने जोर लावते आणि त्या खेळात माणूस जिंकत नाही. त्यानंतर पाय उचलू देण्याचा सराव करावा. खांद्यापासून हात खाली नेत पाय क्षणभर उचलावा आणि जनावराने तो हिसकण्याआधीच खाली ठेवावा. दहा-पंधरा मिनिटांचा सराव पुरेसा असतो. धडा नेहमी यशावर संपवावा.

पाठीवर आधी पोते, मग रिकामे खोगीर आणि शेवटी हलके ओझे, हा क्रम मोडू नये. हाडे पुरती भरण्यास चार वर्षे तरी लागतात, तोवर जड भार टाकू नये. पाणी किंवा पूल ओलांडायला शिकवताना सरावलेले गाढव पुढे ठेवले, की नवे मागोमाग जाते. चुकीची शिक्षा मात्र ते विसरत नाही. खेचराच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. त्याला योग्य गोष्ट लवकर शिकवता येते, तशीच चुकीचीही.

या कष्टांचे फळ कोणते? शिकलेले गाढव रोजची वाट लक्षात ठेवते आणि हाकणारा मागे राहिला तरी ठिकाणावर पोचते. मालकाची चाहूल लागताच ते लांबून ओरडून साद घालते. नीट सांभाळल्यास ३० वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ ते जगते. घरातील मूल मोठे होऊन संसाराला लागेपर्यंत दारातले गाढव तेच असू शकते.

सांभाळ आणि कायदा

गाढव एकटे ठेवू नये. दोन गाढवांची जोडी जमली की ती घट्ट असते आणि त्यांतील एक विकले किंवा मेले तर दुसरे खाणे सोडते. कडबा, भुसकट आणि सुके गवत हा त्याचा मुख्य आहार. धान्य व पेंड सढळ हाताने दिल्यास ते लठ्ठ होऊन खुरांचे दुखणे मागे लागते. खुरांची छाटणी साधारण दीड-दोन महिन्यांनी करावी. धनुर्वाताची लस, वेळोवेळी जंतनाशक, दातांची तपासणी आणि पावसात कोरडा निवारा आवश्यक आहे. कण्हेरीसारखी विषारी झाडे आवाक्यात असू नयेत.

ओझ्याला कायद्याची मर्यादाही आहे. ओढकाम व ओझे वाहणाऱ्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनुसार गाढवावर ५० किलो आणि खेचरावर २०० किलोपेक्षा अधिक भार टाकता येत नाही. दिवसभरात नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास मनाई आहे. तापमान ३७ अंशांच्या वर असताना दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर जुंपता येत नाही. वीटभट्ट्या आणि वाळूच्या वाहतुकीत हे नियम किती पाळले जातात, हा प्रश्न मात्र उरतोच.

बाजार ओसरतो आहे

पौष पौर्णिमेला जेजुरीत खंडोबाच्या यात्रेनिमित्त बंगाली पटांगणात भरणारा गाढवांचा बाजार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेतही असाच बाजार भरतो. येथे दात पाहून वय ठरते आणि ‘दुवान’, ‘चौवान’, ‘अखंड’ अशी वर्गवारी होते. सौराष्ट्रातून येणाऱ्या उंच काठेवाडी गाढवांना गावठीपेक्षा अधिक भाव मिळतो. व्यवहाराबरोबरच भटक्या समाजांच्या गाठीभेटीही येथेच घडतात.

ही परंपरा आज आकड्यांपुढे उभी आहे. देशात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे १ लाख २० हजारांवर आली, म्हणजे सात वर्षांत ६१ टक्के घट झाली. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९ हजारांवरून १८ हजारांपर्यंत खाली आली. खेचरेही देशभरात निम्म्याहून कमी झाली. ट्रॅक्टर, टेम्पो आणि वीटभट्ट्यांतील यंत्रे ही त्याची उघड कारणे आहेत. त्यात कातड्याच्या व्यापाराची भर पडली. गाढवाच्या कातड्यापासून ‘इजियाओ’ हे पारंपरिक औषध बनवणाऱ्या चीनमध्ये १९९० च्या दशकाच्या प्रारंभी १ कोटी १० लाखांच्या घरात असलेली गाढवे पुढे २० लाखांच्या आसपास उरली आणि व्यापाऱ्यांची नजर इतर देशांकडे वळली. आफ्रिकी संघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कातड्यांसाठी होणाऱ्या गाढवांच्या कत्तलीवर खंडभर बंदी घालण्याचा निर्णय घेतला.

ज्या डोंगरवस्तीवर गाडीचा रस्ता नाही, तेथे आजही सिमेंटचे पोते गाढवाच्याच पाठीवरून चढते. तिथली गरज यंत्राने पुरती भागलेली नाही. जनावरे पुन्हा वाढवता येतील. हालारी व कच्छी गाढवांना स्वतंत्र जाती म्हणून मान्यता देऊन त्या दिशेने पाऊलही पडले आहे. परंतु दात पाहून वय सांगणारी नजर, खुराचे दुखणे चालीवरून ओळखणारा कान आणि काठीविना गाढव पाण्यात उतरवणारी हातोटी ही विद्या कुठल्याच पुस्तकात पुरती उतरलेली नाही. ती वडिलांकडून मुलाकडे जात आली. मुलगा टेम्पोवर चालक झाला, की ती तेथेच थांबते. तिची नोंद घेण्यासाठी जेजुरी आणि मढीच्या बाजारांत येणारे वृद्ध हेच आज सर्वांत विश्वासार्ह शिक्षक आहेत, आणि दरवर्षी त्यांची संख्याही घटत आहे.