दिनविशेष – २८ डिसेंबर २०२२ : मुख्यमंत्रीही लोकायुक्तांच्या कक्षेत

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आजच्या दिवशी विधानसभेने लोकायुक्त विधेयक मंजूर केले. मुख्यमंत्री व मंत्र्यांनाही चौकशीच्या कक्षेत आणणाऱ्या या विधेयकाचे मूळ पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत आहे. तिथल्या यादवबाबा मंदिरात ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे याच कायद्याच्या मागणीसाठी ३० जानेवारी २०१९ रोजी उपोषणाला बसले. सातव्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस गावात आले, नव्या कायद्यासाठी संयुक्त मसुदा समितीचे आश्वासन दिले, तेव्हा कुठे उपोषण सुटले. नव्या कायद्याची गरज होती, कारण १९७१ चा जुना लोकायुक्त कायदा असून नसल्यासारखाच होता. त्यात लोकायुक्तांनी केवळ शिफारस करायची. नव्या विधेयकाला विधान परिषदेची मंजुरी मिळायला मात्र डिसेंबर २०२३ उजाडला. विधेयकात एक मेख राहिलीच : मुख्यमंत्र्यांच्या चौकशीआधी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी. ही अट आमदारांनीच काढून टाकावी.