लाइटचं मीटर, पॉवरचं मीटर आणि दुपारची स्वस्त वीज

मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२५ पासून, स्मार्ट मीटर बसलेल्या आणि दहा किलोवॉटपर्यंत भार असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळातल्या वापरावर ऊर्जा आकारात २० टक्के सूट मिळू लागली. आपल्या मंडळात हा विषय निघाला तेव्हा बहुतेकांचा सूर असा होता की, घड्याळ बघून विजेचा भाव लावणं हे काहीतरी नवंच खूळ आहे. इतिहासाच्या बैठकीत त्याचं काय काम? मला मात्र वाटतं की हा विषय आपल्याच दारातला आहे. विजेचा धंदा जन्मला तोच घड्याळाशी बांधलेला. इंदूरच्या घरांनीही हे घड्याळ याआधी पाळलेलं आहे, कधी भाव कमी म्हणून, कधी वीजच नाही म्हणून. बदलली आहे ती स्वस्त वेळ. पूर्वी ती रात्री असायची, आता भर दुपारी आली आहे.

इंदूर शहरात वीजपुरवठा सुरू झाला १९०६ साली. तेव्हा तिसरे तुकोजीराव होळकर वयानं लहान होते आणि कारभार प्रतिनिधी मंडळाकडे होता. मुंबईत ट्राम आणि विजेची कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली, बंगळूरला शिवसमुद्रमची वीज त्याच वर्षी पोचली. म्हणजे आपलं शहर मागं नव्हतं. पण त्या काळात ‘वीज’ या शब्दाचा अर्थ गावोगावी एकच होता: दिवा. म्हणून तर आपण आजही ‘वीज गेली’ न म्हणता ‘लाइट गेले’ म्हणतो, मग भर दुपारी पंखा का बंद पडेना.

दिव्यांचा धंदा म्हणजे संध्याकाळचा धंदा. दिवेलागणीला सगळीकडे एकदम बटणं खाली होणार आणि निजानीज झाली की एकदम वर. वीज साठवून ठेवता येत नाही (आजही ती फार महागात पडते), त्यामुळे इंजिन आणि जनित्र घ्यायचं ते त्या तीन-चार तासांच्या गर्दीला पुरेल एवढं मोठं. बाकीचे वीस तास ते जवळजवळ रिकामं. भांडवलावरचं व्याज मात्र चोवीस तास चालू. लग्नसराईपुरतं कार्यालय बांधावं आणि वर्षभर त्याचा खर्च सोसावा, तसा हा प्रकार.

या दुखण्यावर विलायतेत फार लवकर विचार झाला. जॉन हॉपकिन्सन या अभियंत्यानं १८९२ मध्ये मांडलं की ग्राहकाकडून दोन गोष्टींचे पैसे वेगवेगळे घ्यावेत: त्याच्यासाठी यंत्रसामग्री तयार ठेवण्याचे आणि प्रत्यक्ष वापरलेल्या विजेचे. आपल्या बिलात ‘स्थिर आकार’ आणि ‘ऊर्जा आकार’ अशा दोन ओळी येतात त्यांचं मूळ तिथे आहे. त्याच दशकात ब्रायटनच्या आर्थर राइटनं ग्राहकाची कमाल मागणी नोंदवणारं मीटर बनवलं, आणि शिकागोचा सॅम्युएल इन्सल तो हिशेब अमेरिकेत घेऊन गेला. सगळ्यांचा हेतू एकच. रिकाम्या तासांना गिऱ्हाईक शोधायचं, आणि ते यावं म्हणून भाव पाडायचा.

हे तत्त्व आपल्या घरात कसं शिरलं ते जुन्या लोकांना सांगावं लागणार नाही. आमच्या रामबागेतल्या घरात जिन्याखाली सागवानी फळीवर शेजारी-शेजारी दोन मीटरं होती. एक लाइटचं, एक पॉवरचं. देशातल्या अनेक शहरांत दिवे-पंख्यांचा दर वेगळा आणि इस्त्री, शेगडी, फ्रिज, पाणी तापवायचा रॉड यांचा दर वेगळा असायचा, दुसरा कमी. घरात वायरिंगही दोन. पॉवरच्या लाइनवर दिवा लावायचा नाही असा नियम असे. आत्यानं एकदा अभ्यासाचा टेबललॅम्प इस्त्रीच्या पॉइंटला लावला तर आजी ओरडली होती, “अगं काढ तो आधी, मीटरवाला आला तर दंड करेल!” आजीला बिचारीला दरपत्रक ठाऊक नव्हतं, पण कोणत्या भिंतीवरची वीज स्वस्त हे पक्कं ठाऊक होतं.

या दोन दरांमागचा विचार घड्याळाचाच होता. त्या काळच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरे आणि एकूण युनिटं मोजी. चकतीला वेळ कळत नसे. मग वेळ ओळखायची कशी? उपकरणावरून. दिवा संध्याकाळीच लागणार, म्हणून तो महाग. इस्त्री, शेगडी, पिठाची चक्की बहुतेक दिवसा चालणार, म्हणून त्यांना सवलत. अंदाज ढोबळ होता, पण मीटरला घड्याळ नसताना त्याहून बरं काही सुचण्यासारखं नव्हतं. पुढे दिवे-पंखे आणि पॉवर हा भेद गेला, एकच मीटर राहिलं आणि जास्त वापराला चढा दर अशी टप्प्यांची पद्धत रुळली. मागं उरला तो भाषेत आणि भिंतीत. तीन जाड पिनांच्या मोठ्या सॉकेटला आपण अजून ‘पॉवर पॉइंट’ म्हणतो. वायरमन तर म्हणतोच. ‘पॉवर’ कशापेक्षा वेगळी, हे विचारलं तर त्यालाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात सरकारनं भाव न बदलता घड्याळच बदललं. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतीय प्रमाण वेळ एक तास पुढे होती. उजेड असतानाच माणसांची कामं उरकली की तेवढे दिवे कमी जळतात, इतका साधा हिशेब.

स्वातंत्र्यानंतर चंबळ आली. १९६० मध्ये गांधीसागर धरणाचं उद्‌घाटन झालं. त्याच्या वीजघरात २३ मेगावॉटचे पाच संच, एकूण ११५ मेगावॉट. माळव्याच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट, आणि घड्याळाच्या दृष्टीनं आणखी मोठी. कोळशाची भट्टी पेटवायला आणि निववायला तास-तास जातात, पाण्याचं चाक काही मिनिटांत सुरू होतं. संध्याकाळच्या गर्दीला असं पाणी फार उपयोगी. कोळशाचं तसं नाही. ती भट्टी रात्रीही मंद चालू ठेवावीच लागते, म्हणून मध्यरात्रीची वीज स्वस्तात विकायची रीत जगभर पडली. ब्रिटनमध्ये १९७८ पासून रात्रीच्या सात तासांचा वेगळा घरगुती दर होता आणि लोक त्यावर विटांचे हीटर तापवून ठेवत. आपल्याकडे रात्रीची सवलत बड्या कारखान्यांना मिळायची. घरांच्या वाट्याला ती आली नाही.

घरांच्या वाट्याला आली कटौती. २००० च्या नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली, आणि पुढची दोन-तीन वर्षं या राज्यात भारनियमन कसं होतं ते ज्यांनी काढलं त्यांनाच माहीत. २००३ च्या निवडणुकीत ‘बिजली, सडक, पानी’ हे तीन शब्द जड झाले त्यात बिजली पहिली होती. त्या काळात घरोघर कटौतीचं वेळापत्रक असे, वर्तमानपत्रातून कापून फ्रिजवर चिकटवलेलं. त्यावरून ठरे की मोटर कधी लावायची, मिक्सरमधलं वाटण कधी उरकायचं, मुलांनी अभ्यासाला कधी बसायचं. आजच्या तासांच्या दराबद्दल ‘आमच्यानं असं वेळ बघून राहणं होणार नाही’ म्हणणाऱ्यांना मी ही आठवण देतो. आपण राहिलो आहोत, आणि तेही एक पैशाची सूट न घेता!

आता दुपार स्वस्त का झाली? उत्तर छतावर आणि रीव्याच्या माळावर आहे. रीव्याच्या ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे प्रति युनिट निघाला, तेव्हा कोळशावाल्यांचे डोळे पांढरे झाले होते. पुढे नीमच, आगर, शाजापूरकडेही पॅनलं पसरली. आपल्या महापालिकेनं तर नर्मदेचं पाणी वर चढवायच्या विजेचा खर्च कमी करावा म्हणून २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, जलूदला ६० मेगावॉटचा प्रकल्प उभारण्यासाठी. ही सगळी वीज येते दिवसा. संध्याकाळी सूर्य जातो आणि नेमके तेव्हाच आपण घरी येतो. म्हणजे दिव्याच्या काळातली संध्याकाळची गर्दी होती तिथेच आहे. रिकामे तास मात्र मध्यरात्रीहून दुपारकडे सरकले. जून २०२३ मध्ये केंद्रानं ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली: सूर्याच्या तासांत दर निदान २० टक्के कमी असावा, आणि गर्दीच्या तासांत घरगुती ग्राहकांनाही निदान १० टक्के जास्त. दुसऱ्या भागाकडे लक्ष असू द्यावं, तो आज जाणवला नाही तरी नियमात लिहिलेला आहे. या सगळ्याला वीज कायदा २००३ चं कलम ६२ आधार देतं. त्यात दर वेगळे ठेवण्याच्या मान्य कारणांत ‘पुरवठा कोणत्या वेळी लागतो’ हे स्पष्ट आलं आहे. चकतीच्या मीटरला जे कळत नव्हतं ते स्मार्ट मीटर ठरावीक मिनिटांच्या तुकड्यांत नोंदवून ठेवतं, म्हणून आता उपकरणावरून वेळ ओळखायची गरज उरली नाही.

यात घरचा फायदा किती, हे पण पाहू. समजा एका युनिटचा ऊर्जा दर साडेसहा रुपये. २० टक्के म्हणजे १ रुपया ३० पैसे. एक अश्वशक्तीची मोटर तासभर, म्हणजे पाऊण युनिट, इस्त्री अर्धं, कपड्यांचं मशीन अर्धं. ही तिन्ही कामं रोज रात्रीऐवजी दुपारी केली तर पावणेदोन युनिटं सरकली, महिन्याला साधारण ६८ रुपये. फ्रिज दिवसाला दीड युनिट खात असेल तर त्यातला तिसरा हिस्सा आपोआप सवलतीच्या आठ तासांत पडतो, काही न करता वीसेक रुपये. उन्हाळ्यात दुपारी एसी किंवा कूलर चालत असेल तर आकडा चांगला वाढेल. स्थिर आकार मात्र तसाच राहतो. आणि एक गोष्ट घड्याळाहून महत्त्वाची: गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असला तर पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत पडतात. ज्याचं मीटर १५५ वर थांबतं, त्यानं मोटर दुपारी लावण्याआधी पाच-सहा युनिटं मुळातच कमी करावीत. त्याचं तिथे जास्त वाचेल.

मला खटकतं ते वेगळंच. दुपारी घरी कोण असतं? आमच्यासारखे पेन्शनर, आणि घर सांभाळणाऱ्या बाया. दोघंही नोकरीवर असलेलं जोडपं सकाळी साडेनऊला कुलूप लावून जातं ते सातला परततं, त्याच्या हाती फ्रिजची सवलत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांचं तर आणखी अवघड. घरमालक सब-मीटर लावून सरसकट एकच भाव घेतो. सूट मिळालीच तर ती मालकाच्या बिलात जिरते. जुन्या पॉवर मीटरचंही असंच होतं, हे विसरू नये. स्वस्त दर होता, पण इस्त्री आणि फ्रिज घेण्याची ऐपत असणाऱ्यालाच. ज्याच्या खोलीत एकच पिवळा बल्ब लोंबत होता तो आयुष्यभर महागाच्या दरानं पैसे भरत राहिला.

स्मार्ट मीटर बसवताना जुनी मीटरं काढून नेतात, आणि त्याबरोबर पाठीमागची फळी, चिनी मातीचे फ्यूज, कापडी वेष्टणाची वायर भंगारात जाते. वाडे पडताहेत त्यांत तर विचारायलाच नको. राजवाड्याच्या नक्षीचे फोटो हजारांनी निघतात, जिन्याखालच्या मीटरच्या फळीचा एकही नाही. म्हणून नारायणबाग, रामबाग, लोकमान्यनगर आणि जुन्या इंदुरातल्या मंडळींना माझी मागणी आहे. माणूस मीटर बदलायला येण्याआधी फळीचा फोटो घ्या, मीटरवरचा कारखान्याचा शिक्का आणि साल वाचता येईल असा. दोन वायरिंग असतील तर कोणती लाइन कोणत्या खोलीत जाते ते कागदावर काढा. ट्रंकेत जुनी बिलं असतील, विशेषतः लाइट आणि पॉवर वेगळं दाखवणारी, तर ती फेकू नका, मंडळाकडे द्या. आम्ही फोटो काढून परत करू. कटौतीचं वेळापत्रक कुणाच्या फ्रिजवर अजून चिकटलेलं असलं तर तेही चालेल.